‘तुला हवं ते कर’ या वाक्यापाशी आधी थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या. हिंजवडीतल्या एका कंपनीत ९ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. मुलगी दीड वर्षाची. आजवर सासूबाईंनी तिला सांभाळलं. आता सासऱ्यांची बायपास झाली म्हणून त्या सांगलीला परत निघाल्यात. नवरा म्हणतो, ‘तुला हवं ते कर, माझा पूर्ण पाठिंबा आहे.’ आई म्हणते, लेकरू लहान आहे, नोकरी काय पुन्हाही मिळेल. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, तू सोडलीस तर आजवर ज्या बायका लढल्या त्यांच्याशी ती बेइमानी. आणि ताई स्वतः लिहितात, ‘मी स्वतःला स्त्रीवादी म्हणवते. सोमवारी वाटतं सोडावी, गुरुवारी वाटतं का म्हणून सोडावी? महिनाअखेर मॅनेजरला उत्तर द्यायचंय. मी कुठे चुकतेय का?’

मी २४ वर्षं पुण्यात वकिली करते. बहुतेक काम शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात, थोडं वाटण्या आणि मृत्युपत्रांचं. नोकरी सोडावी की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या मुलीला ताप आला की काय होतं, तुमचं त्या कामात किती मन रमतं, रात्री घरी पोचल्यावर अंगात किती त्राण उरतं, हे मला ठाऊक नाही. पण हा निर्णय घेऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायका माझ्यासमोर बसतात. त्यांनी काय करायला हवं होतं, ते मला बऱ्यापैकी कळलंय. तेवढं सांगते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सासूबाई कधी जाणार ते आहे, मॅनेजरने दिलेली मुदत आहे, आईचं मत आहे, मैत्रिणींचं मत आहे. तुमच्या नवऱ्याचं ऑफिस कुठे आहे, त्याला घरून काम करता येतं का, त्याने त्याच्या साहेबांना काही विचारलंय का, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही मुद्दाम गाळलं असेल असं मी म्हणत नाही. ते तुमच्या डोक्यातच आलं नसेल, आणि त्याच्याही आलं नसेल.

‘तुला हवं ते कर’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की पेन खाली ठेवते. ऐकायला ते फार चांगलं वाटतं. आपल्या आज्यांना हे कुणी म्हटलं नाही, आपल्या आयांना क्वचित म्हटलं. म्हणणारा माणूसही बहुतेक वेळा चांगला असतो, मनापासून म्हणत असतो. पण त्या वाक्यात एक गोष्ट न बोलता ठरून गेलेली असते: मुलीला दिवसभर कोण बघणार हा प्रश्न तिच्या आईचा आहे. बाप पाठिंबा देणार. पाठिंबा बाहेरचा माणूस देतो. दीड वर्षाच्या मुलीच्या बाबतीत तिचा बाप बाहेरचा कसा असेल?

म्हणून माझा पहिला सल्ला हा की ‘मी नोकरी सोडू का’ हे वाक्य काही दिवस बोलूच नका. त्याऐवजी घरात हे विचारा: ‘आपल्या मुलीला सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कोण बघणार, आणि त्यासाठी आपण दोघं काय काय बदलणार?’ या प्रश्नाचं उत्तर कदाचित शेवटी ‘तुम्ही नोकरी सोडावी’ हेच येईल. तुमचा पगार कमी असेल, तुम्हाला घरी राहायची खरंच इच्छा असेल, त्याची नोकरी फिरतीची असेल. येऊ दे. पण ते दोघांनी शोधलेलं उत्तर असेल.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. भांडण नव्हतं. बायको नोकरी सोडणार होती आणि तिच्या मोठ्या भावाने आग्रह धरला होता की आधी वकिलाशी बोल. मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुमच्या मुलाच्या एका आठवड्यात जे जे करावं लागतं ते लिहा, एकमेकांचं बघू नका. तो सात ओळी लिहून थांबला. आंघोळ, जेवण, फिरायला नेणं, झोपवणं, दवाखाना, औषधं, खेळणं. तिचा कागद पाठपोट भरला. तिने लिहिलं होतं: पुढच्या लसीची तारीख लक्षात ठेवणं. बूट लहान होतायत का ते बघणं. पाळणाघरातले डायपर संपायच्या आत पोचवणं. कुठल्या भाजीने पोट बिघडतं ते पोळीवाल्या मावशींना सांगणं. सर्दी झाली तर उद्याची मीटिंग कुणाला देता येईल याचा आदल्या रात्रीच विचार करून ठेवणं. त्याने तो कागद वाचला, बराच वेळ काही बोलला नाही, मग तिला विचारलं, ‘लसीचं कार्ड कुठे असतं?’ मूल तेव्हा दोन वर्षांचं झालं होतं.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे, कारण त्याने ते विचारलं. बरेच जण त्या कागदावर वाद घालतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ वापर पाहणी २०२४ साली झाली. देशात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा आकडा नीट वाचा. जे पुरुष घरात काडीही हलवत नाहीत ते यात नाहीतच. जे काही ना काही करतात त्यांची ही सरासरी आहे. आणि लसीची तारीख डोक्यात घेऊन फिरणं कुठल्याच मिनिटात मोजलं जात नाही.

आता बेइमानीचं बघू, कारण पत्राच्या सुरावरून तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय.

मी निफाडकडची. वडील द्राक्षवाले, आई शिकलेली सातवी. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, शेतकरी संघटनेचं. आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती आणि दोन दिवसांनी घसा बसवून घेऊन आली होती. त्यानंतर काही वर्षांनी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीने आयुष्यभर शेतात राबून काहीच मिळवलं नाही, तेव्हा जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुढे १९९२ साली राज्य सरकारनेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची योजना काढली. माझ्या वडिलांनी पाऊण एकर आईच्या नावावर केलं. तलाठ्याकडून आलेला तो सातबारा आईने देवघरातल्या फळीवर ठेवला होता. तिला वाचता येत होतं, तरी माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. त्यावर तिचं नाव होतं, नुसतं ‘अमक्याची बायको’ असं नव्हतं.

माझी आई कधी नोकरीला गेली नाही. तिने कधी ‘स्त्रीवाद’ हा शब्दही उच्चारला नाही. पण मला स्त्रीवाद कुणी शिकवला असं विचारलं तर मी त्या पाऊण एकराकडे बोट दाखवते. कामाची किंमत, त्या किमतीचा कागद आणि कागदावर आपलं नाव. चांदवडला जमलेल्या बायका ऑफिसला जाता यावं म्हणून जमल्या नव्हत्या. आपण राबतो त्याचा हिशोब कुणीतरी मांडावा म्हणून जमल्या होत्या.

तेव्हा तुमच्या मैत्रिणींना सांगा, घरी राहून मूल वाढवणं ही बेइमानी नाही. तेही काम आहे, अवघड काम आहे, आणि बाई ते करते म्हणून त्याची किंमत शून्य धरणं हाच तर मूळ तंटा आहे.

पण इथे मला दुसऱ्या बाजूलाही एक टोचणी लावायची आहे. ‘ही तिची निवड आहे’ असं म्हणून विषय मिटवायची हल्ली पद्धत पडलीय, ती मला पटत नाही. या २४ वर्षांत ‘मुलासाठी नोकरी सोडू का’ हा प्रश्न घेऊन शेकड्याने बायका माझ्याकडे आल्या. पुरुष एक आला. एकच. ही जर निव्वळ निवड असती तर इतकी एकतर्फी कशी पडली असती? म्हणून निवड तुमचीच असू दे, पण तिच्या अटी तपासून घ्या. त्या अटी तुम्ही ठरवलेल्या नाहीत. तुमच्या नवऱ्यानेही नाही. तुम्ही दोघं जन्मायच्या आधीपासून त्या तशाच आहेत.

अटी कुठे बोचतात ते सांगते. मागच्या काही वर्षांतली गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. ४७ वर्षांची बाई, एम.कॉम. झालेली, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. १६ वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली होती, दुसरं मूल लहान होतं म्हणून. त्याआधी पाच वर्षं तिच्या पगारातून घराचा हप्ता जात होता. ती खुर्चीच्या कडेवर बसून सांगत होती, ‘मॅडम, घर आमच्या दोघांचंच आहे, लोनवर माझी सही आहे.’ मी पिशवीतून इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा, काढला. त्यावर नाव फक्त नवऱ्याचं. ती सहकर्जदार होती, सहमालक नव्हती. कर्ज फेडायची जबाबदारी तिची, घर त्याचं. आता तिने भरलेले हप्ते दाखवायचे, तर बँकेने कळवलं की इतकी जुनी स्टेटमेंटं उपलब्ध नाहीत. तिच्या पासबुकाची काही काळची पानं तिच्या माहेरच्या ट्रंकेत सापडली, तेवढ्यावर आम्ही उभं राहिलो.

वाईट याचं वाटतं की यात लबाडी कुणाचीच नव्हती. घर घेताना बिल्डरच्या ऑफिसात गर्दी होती, तिला सुट्टी मिळाली नाही, ‘एकाच्या नावावर करू, काय फरक पडतो’ असं म्हणून सही झाली. वीसेक वर्षांनी फरक पडला.

हे सगळ्या विवाहित बायकांनी माहीत करून घ्यावं. आपल्याकडे हिंदू कायद्यात लग्नात कमावलेली मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याच्या नावावर, त्याची. घटस्फोटात बायकोला पोटगी मागता येते, राहत्या घरातून तिला हुसकावता येऊ नये म्हणून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात निवाऱ्याचा हक्क आहे, पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. शेजारच्या गोव्यात असं नाही. तिथे पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोत समाईक धरतात, अर्धी त्याची, अर्धी तिची, आणि घर-जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. त्या कायद्यातही दोष आहेत, पण बांद्याच्या नाक्यापलीकडे गृहिणीचा अर्धा वाटा गृहीत आहे आणि अलीकडे नाही, हे मला अजूनही खटकतं.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असं ठामपणे लिहिलं, त्यासाठी वेळ वापर पाहणीचा आधारही घेतला. निकाल उत्तमच आहे. पण तो लागू कधी होतो? ती बाई अपघातात गेल्यावर. माझं म्हणणं एवढंच की तो हिशोब ती हयात असताना, स्वयंपाकघराच्या टेबलावर, तिच्या नवऱ्याने तिच्याबरोबर बसून करावा.

म्हणजे काय करायचं? नोकरी सोडायचं ठरलं, तर राजीनामा द्यायच्या आधी हे करून घ्या.

घराच्या करारावर आणि इंडेक्स टूवर कुणाची नावं आहेत ते डोळ्यांनी बघा. ‘आहे ना माझं नाव’ यावर जाऊ नका. नाव नसेल तर नवरा बक्षीसपत्राने हिस्सा देऊ शकतो. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यावी लागते. आणि नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे वारस असणं नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, ते कुणाचे हे वारसा हक्क ठरवतो. त्यासाठी दोघांचंही मृत्युपत्र करा. तरुण वयात मृत्युपत्र म्हटलं की घरातले दचकतात. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद आहे, दचकण्यासारखं काही नाही.

तुमची ९ वर्षांची नोकरी आहे, म्हणजे ग्रॅच्युइटी तुम्हाला मिळणार. पीएफही आहे. हे पैसे घराचं कर्ज कमी करायला किंवा नवी गाडी घ्यायला जातात, हे मी घरोघरी बघितलंय. ते तुमचे आहेत, तुमच्या नावावर राहू द्या. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो. तुमच्या पासबुकात त्या रकान्यात रक्कम जमा होत असेल तर ती काढून घेऊ नका. दहा वर्षांची सेवा भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क येतो आणि तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. काढण्याऐवजी पेन्शन योजनेचं प्रमाणपत्र (स्कीम सर्टिफिकेट) घेऊन ठेवा. पुन्हा नोकरीला लागलात की आधीची वर्षं पुढे धरली जातात. या एका गोष्टीसाठी तरी राजीनाम्याची तारीख एचआरला विचारून ठरवा.

मग महिन्याचा पैसा. नवऱ्याच्या पगारातून ठरावीक रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात, महिन्याच्या पहिल्या तारखेला, आपोआप जायला हवी. घरखर्चासाठीची वेगळी आणि ही वेगळी. हिला ‘हातखर्च’ म्हणू नका. तुम्ही नोकरीत असता तर तुमचा पीएफ, तुमची बचत, तुमच्या म्हातारपणाची सोय यात जे गेलं असतं, ती ही रक्कम. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर बायकोला कर लागत नाही. त्या पैशातून जे उत्पन्न होईल ते मात्र कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणून अशा घरांना मी बहुधा तुमच्या नावाचं पीपीएफ सुचवते. त्याचं व्याज करमुक्त आहे, त्यामुळे तो गुंता येत नाही. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. एका जोडप्याने माझ्यासमोर हे ठरवलं तेव्हा नवरा म्हणाला होता, ‘पण आमच्यात असं तुझं-माझं नाहीच.’ बायको म्हणाली, ‘नाही ना? मग माझ्या नावावर टाकायला काय हरकत आहे?’ त्याने तिथेच मोबाइल काढून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिली.

घरात एकच कमावणारा उरला की त्याचा मुदत विमा हवाच. तो घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या. अर्जात त्यासाठी वेगळी जागा असते, एजंट सहसा सांगत नाही, तुम्हालाच मागावं लागतं. तशा पॉलिसीचे पैसे बायको-मुलांचेच राहतात. नवऱ्याचे धनको किंवा इतर नातेवाईक त्यावर हक्क सांगू शकत नाहीत. दीडशे वर्षं जुना कायदा, आणि आजही निम्म्या शिकलेल्या बायकांना तो माहीत नसतो याचं मला नेहमी नवल वाटतं.

अजून एक, तुम्ही न विचारलेलं. माहेरी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केलीय का? मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि वडील तेव्हा हयात असोत-नसोत तो हक्क जन्मानेच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही राखी पौर्णिमेच्या आसपास सह्या घेतल्या जातातच. पगार चालू असताना ‘मला काय करायचंय, दादाला राहू दे’ म्हणणं सोपं असतं. पगार बंद होणार असेल तर ती सही जरा लांबवा. भाऊ चांगला असेल तर तो समजून घेईल.

आता नोकरी ठेवायचं ठरलं तर.

पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करणं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक झालं, आणि दिवसातून चार वेळा आईला मुलाकडे जाऊ दिलं पाहिजे हेही त्यातच आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. तुमची कंपनी हिंजवडीत आहे म्हणजे पन्नासाचा प्रश्नच नाही. एचआरला साध्या मेलने विचारा: आपल्याकडे पाळणाघराची सोय कुठे आहे? तोंडी विचारू नका. मेलला उत्तर द्यावं लागतं. मातृत्वाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर कंपनी आणि तुम्ही अशा दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल, अशीही सोय कायद्यात आहे. याच मुद्द्यावर नवऱ्यानेही आपल्या कंपनीत विचारावं. बापाला रजा द्यायचं बंधन खासगी कंपन्यांवर कायद्याने नाही, पण विचारणारे बाप वाढले की धोरणं बदलतात. विचारलंच नाही तर त्यांना गरजच कळत नाही.

घरी बाई ठेवणार असाल तर तिच्याबद्दल दोन शब्द, आणि हे मी कळकळीने लिहितेय. आपण कामावर जातो तेव्हा आपलं घरकाम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या बाईच्या हातात जातं. तिलाही बहुधा लहान मूल असतं, ते वस्तीत तिच्या थोरल्या मुलीकडे असतं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ मध्ये झाला. तरी अजून आठवड्याची सुट्टी मागितली की आपल्यातल्याच, माझ्यासारख्याच, बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तुमच्या मुलीला दहा तास सांभाळणाऱ्या बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीला एक महिन्याचा पगार, आणि बारा महिन्यांनी पगारवाढ हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि लिहून द्या. ते परवडत नसेल तर बाई ठेवणं परवडत नाही असं समजा आणि पाळणाघर बघा. स्त्रीवादी म्हणवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांची खरी परीक्षा मला तिथे दिसते. राजीनाम्याच्या बाबतीत इतकी नाही.

पाळणाघर निवडायला दोघांनी जा. सकाळी नाही, दुपारी साडेतीनला, न कळवता जा. मुलं झोपेतून उठायची वेळ असते, रडतात, कुरकुर करतात. तेव्हा तिथल्या ताई कशा बोलतात ते ऐका. आणि पहिला इमर्जन्सी नंबर नवऱ्याचा द्या. माझ्या ओळखीच्या एका आईने एवढंच केलं होतं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एका महिन्यात घरातलं बरंच काही सरळ झालं, कारण ‘ताप आलाय, न्यायला या’ हा फोन आता पहिल्यांदा त्याला जायचा.

तो जो एक पुरुष म्हटलं, त्याचंही सांगते. ड्राफ्ट्समन होता, बायको बँकेत अधिकारी. तिची बदली झाली आणि दोन वर्षं तो घरी राहिला, मुलगा लहान होता. माझ्याकडे आला तो नेमकं हेच विचारायला की पीएफ काढू का ठेवू. बायकोने त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकले, विमा काढला. मी बायकांना जे सांगते तेच त्याला सांगितलं, त्यात मला एक शब्द बदलावा लागला नाही. त्याला त्रास झाला तो लोकांचा. त्याच्या आईने गावाकडे ‘तो घरूनच काम करतो’ असं सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांनी तो पुन्हा नोकरीला लागला, आधीपेक्षा कमी पगारावर. म्हणजे मधल्या वर्षांची किंमत बाईलाच मोजावी लागते असं नाही. जो घरी राहतो त्याला मोजावी लागते. बाजार इतकाच निष्ठुर आहे. म्हणूनच ती किंमत घराने वाटून घ्यायला हवी.

राहिली महिनाअखेरची मुदत. ती तुमच्या कंपनीने घातलेली आहे, तुमच्या मुलीने नाही. राजीनाम्याऐवजी आधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम लेखी मागा. नाही म्हणाले तर नाही, पण बऱ्याच बायका न विचारताच नकार गृहीत धरतात. नवऱ्यानेही त्याच आठवड्यात आपल्याकडे तेच मागावं, आणि दोघांच्या मेलना काय उत्तरं येतात ती शेजारी शेजारी ठेवून बघा. सासूबाई निघायच्या आधी एक रविवार काढा. त्यांनाही त्या टेबलाशी बसवा. दीड वर्ष ते काम त्यांनी केलंय आणि त्यांच्या कागदावर तुम्हा दोघांना न सुचलेल्या ओळी असतील. मुलगी झोपली की तीन कोरे कागद घ्या आणि लिहायला लागा. आठवडा सोमवारपासून धरा.